ठिणगीचा कारभार

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या एका जुलै महिन्यात, परळहून दादरकडे येत असता हिंदमाता चित्रपटगृहापाशी रस्त्यावर नेहमीप्रमाणे पाणी साचलेले असताना, माझी प्रीमियर पद्मिनी दोन-तीन उचक्या देऊन जी थांबली ती काही केल्या पुन्हा सुरू होईना. सेल्फ फिरत होता, बॅटरी खणखणीत होती, टाकीत पेट्रोल होते, आणि तरीही इंजिन मृतवत्. मागच्या वाहनांच्या भोंग्यांचा मारा सोशीत मी ती कशीबशी पदपथाच्या कडेला ढकलली, तोच तेथे उभ्या असलेल्या एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून एक वयस्क चालक खाली उतरले, "बोनेट उघडा साहेब" एवढेच बोलले, इंजिनावर वाकून स्प्रिंगच्या दोन पट्ट्या त्यांनी अंगठ्याने बाजूस सारल्या, आणि पाच तारा बाहेर पडणारे एक काळे टोपण उचलून, आपल्या गाडीतल्या कोरड्या फडक्याने ते आतून नीट पुसले. टोपण बसले, सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. मी पैसे पुढे केले, त्यांनी हात जोडून ते नाकारले आणि म्हणाले, "कॅपला आतून बारीक रेघ गेली आहे. ती बदलून घ्या. बाकी काही बदलू नका."

या शेवटच्या चार शब्दांचे मोल मला पुढे दीड महिना आणि बरेच रुपये खर्ची पडल्यावर कळले. त्याची कैफियत पुढे येईलच. तत्पूर्वी त्या काळ्या टोपणाखाली चालणारा कारभार काय आहे हे सांगणे प्राप्त आहे.

डिस्ट्रिब्यूटर या शब्दाचे 'वितरक' असे मराठीकरण सहज करता येईल. परंतु एखाद्या गॅरेजात जाऊन "वितरक खराब झाला आहे" असे म्हटल्यास तेथील माणसे वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोऱ्याची वाट पाहू लागतील, सबब ज्या नावाने ही वस्तू रस्त्यावर ओळखली जाते तेच येथे वापरतो. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरात दाबले जाते आणि ते पेटविण्यासाठी नेमक्या क्षणी एक ठिणगी लागते. पद्मिनीच्या 1089 घन सेंटिमीटरच्या इंजिनात सिलिंडर चार. ते ओळीने पेटत नाहीत, तर पहिला, तिसरा, चौथा, दुसरा अशा क्रमाने पेटतात. बॅटरीचा दाब अवघा 12 व्होल्टचा, आणि दाबलेल्या वायूतून प्लगच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलीमीटर फटीत ठिणगी उडवावयाची तर दाब हवा हजारो व्होल्टचा. तेव्हा कामे दोन झाली: 12 व्होल्टांचे हजारो व्होल्ट करणे, आणि ते योग्य सिलिंडरास योग्य वेळी पोहोचविणे. पहिल्या कामात डिस्ट्रिब्यूटर अर्धा भागीदार आहे. दुसरे सर्वस्वी त्याच्या अखत्यारीतले.

मायकेल फॅरडे याने 1831 साली जे तत्त्व सिद्ध केले, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रातील तारेत विद्युद्दाब निर्माण होतो, त्याच्यावर ही सारी इमारत उभी आहे. कॉइल नावाच्या डब्यात लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहू लागला की गाभ्यात चुंबकत्व साठते. तो प्रवाह अकस्मात तोडला की ते चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेत प्रचंड दाब उसळतो. वाचकांपैकी अनेकांचा असा समज असेल की विजेचा खटका जोडला की ठिणगी पडते. येथे प्रकार उलटा आहे, खटका तुटतो तेव्हा ठिणगी पडते. हा तुटणारा खटका म्हणजेच डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट, ज्यांना आपल्याकडचे मिस्त्री सीबी पॉइंट म्हणतात. मधल्या दांड्यावर चार पैलूंचा एक उंचवटा असतो, दांडा फिरताना त्याचा प्रत्येक पैलू पॉइंटाच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, ठिणगी उडते. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही मांडणी अमेरिकेत डेटन येथे चार्ल्स केटरिंग याने सुबक केली आणि 1910 च्या कॅडिलॅक गाडीत ती आली. त्यानंतर साठ-सत्तर वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल-मोटारी थोड्याफार फरकाने हिच्यावरच धावल्या. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने उभारलेल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1974 पासून पद्मिनी या नावाने बाहेर पडलेली इटालियन फियाटच्या वळणाची ही गाडीही त्याला अपवाद नव्हती.

या यंत्रणेच्या चपळाईची कल्पना यावी म्हणून थोडे गणित करू. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असता चार सिलिंडरांना मिळून मिनिटाला 6000, म्हणजे सेकंदाला 100 ठिणग्या लागतात. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्या एका फेरीच्या 360 अंशांत चार सिलिंडरांची वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला 90 अंश येतात, आणि त्यांपैकी सुमारे 60 अंश पॉइंट मिटलेले असावे लागतात, कारण तेवढ्याच अवधीत कॉइलमध्ये चुंबकत्व भरावयाचे असते. या गतीला तो अवधी सेकंदाच्या दीडशेव्या हिश्श्याइतका भरतो. एवढ्या अल्प वेळात भरणा आणि पुढच्या क्षणी वसुली, असा हा व्यवहार अहोरात्र चालवणारी वस्तू म्हणजे मुठीएवढ्या डब्यातील दोन टंगस्टनचे ठिपके!

पॉइंटांच्या शेजारी स्क्रूने आवळलेली बोटाच्या पेराएवढी नळी असते, तिचे नाव कंडेन्सर. पाटाने वाहणारे पाणी दार टाकून एकाएकी अडविले तर ते दाराच्या फटीफटींतून उसळी घेते. शेजारी लहानसा खड्डा खणलेला असेल तर ती उसळी तेथे जिरते आणि दार घट्ट बसते. पॉइंट उघडताना प्रवाहाची अशीच उसळी फटीतून उडी मारू पाहते, तिला क्षणभर आसरा देण्याचे काम कंडेन्सर करतो. तो नसेल तर पॉइंटांतच ठिणगी जळत राहते, प्रवाह अकस्मात न तुटता रेंगाळत तुटतो, कॉइलमधले चुंबकत्व संथपणे ओसरते आणि प्लगपाशी जो दाब जावयास हवा त्याचा अंशही पोहोचत नाही. आता राहिले दोघे, टोपण आणि रोटर. कॉइलमध्ये उसळलेला दाब जाड तारेने टोपणाच्या मध्यभागी येतो, तेथील स्प्रिंगवर बसवलेल्या कोळशाच्या खुंटीतून रोटर नावाच्या फिरत्या हातावर उतरतो, आणि रोटर ज्या तारेसमोर येईल त्या सिलिंडरास तो पोहोचतो. पत्त्याबरहुकूम टपाल टाकणाऱ्या पोस्टमनचे हे काम, फरक इतकाच की पोस्टमन दाराला हात लावतो आणि रोटर लावीत नाही; त्याच्या टोकात आणि टोपणातील धातूच्या ठोकळ्यात सूक्ष्म अंतर राखलेले असते, ते ठिणगी उडी मारून ओलांडते.

इतके कळले की गाडी मिसिंग करू लागल्यावर काय तपासावयाचे हे जवळजवळ आपोआप सुचू लागते, आणि तरीही बहुसंख्य माणसे, यात हा लेखकही आला, तपासणीचा टप्पा गाळून थेट खरेदीस निघतात. हिंदमाताच्या प्रसंगानंतर त्या टॅक्सीचालकांचा सल्ला मी अर्धाच पाळला. सुट्या भागांच्या एका जुन्या दुकानातून मी टोपण तर आणलेच, पण "आता उघडतोच आहोत तर" या सर्वनाशी विचाराने रोटर, पॉइंट आणि कंडेन्सर हेही नवे घेतले, एका रविवारी सकाळी ते सारे एकदम बसविले, आणि जुने भाग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून रद्दीवाल्याच्या हवाली केले. आठवडाभर गाडी सुरेख चालली. नंतर खंडाळ्याचा घाट चढताना तिने दम टाकावयास प्रारंभ केला. सपाटीवर कुरकुर नाही, रिकामे इंजिन घड्याळासारखे, पण चढावर पाय दाबला की धक्के खाणे सुरू. मी कार्ब्युरेटर उघडून साफ करविला, पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले, कॉइलही बदलली. दीड महिन्याने ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री गाडी पाहावयास आले, त्यांचा पहिला प्रश्न होता, "जुना माल कुठे आहे?" तो नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला अजून आठवते.

त्यांनी पुढे जे केले त्याला पाच मिनिटे लागली आणि एक पैसाही लागला नाही. टोपण बाजूस ठेवून त्यांनी रोटर जागीच राहू दिला. मधली जाड तार टोपणातून उपसून, तिचे धातूचे टोक रोटरच्या पितळी पट्टीपासून तीन-चार मिलीमीटर अंतरावर कपडे वाळत घालण्याच्या लाकडी चिमट्याने धरले. मला किल्ली फिरवावयास सांगितली आणि दुसऱ्या हातातील कोरड्या काडीने मिटलेले पॉइंट हलकेच उघडले. तारेतून रोटरच्या पट्टीवर टच्चदिशी निळी ठिणगी पडली. पुन्हा उघडले, पुन्हा पडली. मला वाटले, छान, ठिणगी तर आहे! मिस्त्री म्हणाले, "हीच तर चोरी." रोटरची पट्टी विद्युत्‌रोधक प्लॅस्टिकवर बसविलेली असते, टोपण काढलेले असताना त्या पट्टीवरून पुढे जाण्यास ठिणगीला वाटच नाही, तेव्हा ती पडावयास नको. एखादी पुसट चमक क्षम्य. पण जाडजूड ठिणग्या वारंवार पडत असतील तर त्याचा अर्थ एवढाच, की रोटरच्या अंगातून छिद्र पाडून ती वीज खालच्या दांड्यात, म्हणजे जमिनीत जाते आहे. या नव्या रोटरची पट्टी एका खिळ्याने ठोकलेली होती आणि त्या खिळ्याचे टोक खालच्या दांड्याच्या फार जवळ येत होते. सपाटीवर सिलिंडरातील दाब कमी, ठिणगीला प्लगची वाट सोपी. चढावर दाब वाढला की प्लगची वाट अवघड होई आणि ठिणगी या चोरवाटेने पसार होई. जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांत अशा खिळ्याच्या नव्या रोटरांबद्दल जगभर तक्रार आहे, हे मला नंतर समजले. माझा जुना रोटर, जो वास्तविक निर्दोष होता, तो एव्हाना कोठेतरी वितळून गेला होता.

म्हणून तपासणीचा क्रम येथे जरा विस्ताराने सांगतो. प्रारंभी डोळे वापरावे. टोपण काढून उजेडात धरावे, आतून बाहेरून पाहावे: तडा असेल, किंवा दोन ठोकळ्यांच्या मध्ये पेन्सिलीने काढल्यासारखी काळी रेघ असेल, तर तो टोपणाचा निकाल समजावा. ही रेघ म्हणजे वीज एकदा चुकीच्या वाटेने गेली तेव्हा जळून राहिलेला कोळसा. कोळसा वीजवाहक असल्याने पुढच्या खेपेस ती वाट अधिकच सुलभ होते, आणि खरवडून काही काळ भागले तरी दमट हवेत रेघ पुन्हा उमटते. मधली कोळशाची खुंटी बोटाने दाबली असता आत जाऊन परत वर यावी. ती झिजून नाहीशी झालेली असणे, किंवा कोणीतरी काढून हरवलेली असणे, हे वाटते तितके दुर्मीळ नाही. रात्रीच्या अंधारात बोनेट उघडे टाकून इंजिन चालू ठेवले तर जुन्या तारांतून गळणारी वीज निळसर तंतूंच्या रूपाने दिसते. पावसाळी रात्री हे दृश्य मोठे रम्य असते, गाडीच्या मालकाखेरीज इतर सर्वांना.

यानंतर दिवा. 12 व्होल्टचा लहानसा दिवा दोन तारांना जोडून ठेवला की अर्धी प्रयोगशाळा हाती आली. त्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूच्या त्या टोकाला लावावी जेथे कॉइलकडून बारीक तार येते, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला; किल्ली फिरवावी आणि गाडी चौथ्या गिअरात घालून कोणाकडून तरी किंचित ढकलून घ्यावी, म्हणजे इंजिन सावकाश फिरते. पॉइंट उघडले की दिवा पेटावा, मिटले की विझावा. तो कधीच पेटत नसेल तर एक तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही, किंवा आलेली वीज उघड्या पॉइंटांच्या मागल्या दाराने जमिनीत जाते आहे. या दुसऱ्या प्रकारात बिघडलेला कंडेन्सर, नाहीतर आतल्या तारेचे सोललेले अंग, किंवा पॉइंट बसविताना विद्युत्‌रोधक चकती चुकीच्या जागी घातली जाणे, यांपैकी एक कारण निघते. ल्यूकस कंपनीच्या घाटाच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंटांच्या खुंटीवर चकत्यांची जी उतरंड रचावी लागते, तिच्यात कंडेन्सरची आणि कॉइलची अशी दोन्ही टोके रोधक नळीच्या बाहेरून, स्प्रिंगला चिकटून, पण खुंटीला न शिवता बसली पाहिजेत. यात एक चकती खालीवर झाली की गाडी ठार बंद. उघडण्यापूर्वी त्या उतरंडीचे छायाचित्र घ्यावे. पूर्वीचे लोक कागदावर चित्र काढीत. उलटपक्षी दिवा सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा त्यांवर तेल-काजळीचा थर आहे. कोरे असूनही गोदामात पडून पडून गंजाचा पापुद्रा धरलेले नवे पॉइंटही याला पात्र असतात, म्हणून बसविण्याआधी ते स्पिरिटने पुसावे.

पॉइंटांचे तोंड तर एखाद्या दस्तऐवजासारखे वाचता येते. समान राखाडी रंग म्हणजे सर्व क्षेम. निळेकाळे, जळके तोंड दिसले तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. एका ठिपक्यावर टेकडी आणि समोरच्यावर खळगा पडला असेल तर कंडेन्सरची धारकता कमी किंवा जास्त आहे असे अनुमान काढावे. अलीकडच्या मल्टिमीटरवर ही धारकता मोजता येते, ती 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपास भरावी. परंतु थंड असताना बरोबर आकडा दाखविणारा कंडेन्सर इंजिन तापल्यावर गळू लागतो, तेव्हा खरी परीक्षा अदलाबदलीची: संशयिताची तार सोडवून, खात्रीचा दुसरा कंडेन्सर बाहेरच्या बाहेर चिमटे लावून जोडावा आणि गाडी तापेपर्यंत चालवून पाहावी.

पॉइंट बदलणे हे काम स्वतः अवघड नाही. अवघड आहे ती फट. ल्यूकस घाटाला पॉइंट पूर्ण उघडे असताना 14 ते 16 थाऊ, म्हणजे इंचाचे हजारांश, सुमारे 0.35 ते 0.40 मिलीमीटर अंतर लागते. मूळ फियाटच्या मारेली डिस्ट्रिब्यूटरला 0.42 ते 0.48 मिलीमीटर. टाच पैलूच्या अगदी माथ्यावर आहे हे डोळ्यांनी पाहून मगच फीलर गेजची पाती आत सरकवावी; पाती अडू नये आणि डगमगूही नये, लोण्यातून सुरी जावी तशी किंचित ओढ देत जावी. रस्त्यात अडकलेल्या माणसाने व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीवर काम भागविल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत, आणि घरापर्यंत पोहोचण्यापुरत्या त्या मला मान्य आहेत. फट मोठी ठेवली तर पॉइंट मिटून राहण्याचा अवधी घटतो आणि ठिणगी वेळेआधी पडते. लहान ठेवली तर उशिरा. टाच झिजत जाईल तशी फट आपोआप कमी होते, म्हणून काही हजार किलोमीटरांनी ती पुन्हा पाहावीच लागते, आणि म्हणूनच आधी फट व मग टायमिंग हा क्रम उलटा करून चालत नाही. पैलूवर ग्रीसचे नखभर बोट आणि रोटर काढल्यावर दिसणाऱ्या दांड्याच्या डोक्यात तेलाचे दोन थेंब, इतकाच नैवेद्य. तिसरा थेंब पॉइंटांवर उडतो.

टायमिंगसाठी तोच दिवा पुन्हा कामी येतो. इंजिनावरच्या खुणा हस्तपुस्तिकेत दिलेल्या जागी जुळवून, डिस्ट्रिब्यूटरच्या मानेचा पट्टा ढिला करावा आणि त्याचे अंग रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेने हळूहळू वळवावे. ज्या क्षणी दिवा पेटेल तो ठिणगीचा क्षण. तेथेच पट्टा आवळावा. ल्यूकसच्या काही नमुन्यांत बाजूस एक लहान दातेरी चाक असते आणि त्याच्यापाशी ए व आर ही अक्षरे कोरलेली असतात; पहिल्याच्या दिशेने ठिणगी लवकर, दुसऱ्याच्या दिशेने उशिरा. अखेरच्या केसभर दुरुस्तीसाठी ती सोय आहे.

वेग वाढेल तशी ठिणगी आपण होऊन लवकर पडावी म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशी स्प्रिंगांनी बांधलेली दोन वजने असतात. रोटर बोटांनी त्याच्या फिरण्याच्या दिशेने किंचित पिळून सोडला तर तो चटकन मागे यावा. चिकट राहिला तर खाली गंज किंवा वाळलेले तेल आहे. बाजूच्या चपट्या डबीत रबराचा पडदा असतो, त्याची परीक्षा तोंडाने करता येते: नळी ओढून हवा शोषली की आतली ताटली सरकावी, आणि नळीच्या तोंडावर जीभ लावून ठेवली असता ती तशीच थांबावी. थांबत नसेल तर पडदा फाटला. राहता राहिला दांडा. तो बाजूला हलवून पाहावा. हालचाल जाणवत असेल तर बुश झिजले आहेत, चारही पैलूंवर फट वेगवेगळी भरेल, आणि मग कितीही महागडे पॉइंट घातले तरी इंजिन कधी एकजीव चालणार नाही. हे काम चांगल्या लेथवाल्याचे, घरगुती नव्हे.

दोन इशारे द्यावयाचे राहिले. हजारो व्होल्टचा धक्का सुदृढ माणसास बहुधा झटक्यावरच सोडतो, पण त्या झटक्याने हात फिरत्या पंख्यात गेल्याचे प्रकार घडतात, आणि ज्याच्या हृदयास पेसमेकर आहे त्याने चालू इंजिनाच्या या भागाजवळ येऊच नये. तसेच पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीची कोणतीही परीक्षा तहकूब ठेवावी.

अलीकडे पॉइंट-कंडेन्सर काढून त्यांच्या जागी डिस्ट्रिब्यूटरच्या आतच बसणारा इलेक्ट्रॉनिक संच मिळतो. त्याला झीज नाही, फट नाही. सोवळ्याने नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र तो बिघडतो तेव्हा कोणतीही पूर्वसूचना न देता बिघडतो आणि आडरस्त्यावरच्या मिस्त्रीला त्याचे काही करता येत नाही, म्हणून ज्यांनी तो बसविला त्यांनीही जुनी ताटली पॉइंटांसकट डिकीत ठेवलेली बरी. पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून उतरल्या; त्यांच्याबरोबर फडक्याने टोपण पुसून गाडी चालू करून देणारे जाणते हातही पांगले. चोरबाजारात, कुर्ल्याच्या भंगारात, पुण्याच्या नाना पेठेत अजून जुने अस्सल भाग अधूनमधून सापडतात, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, डबीबंद चकचकीत नव्या मालापेक्षा तो कळकट जुना माल पुष्कळदा सरस ठरतो.

तेव्हा ज्यांच्या दारात अशी एखादी गाडी उभी आहे त्यांना विनंती एवढीच, की एका वेळी एकच भाग बदला, गाडी दोन दिवस चालवा, मगच दुसऱ्याला हात घाला. आणि काढलेला प्रत्येक भाग, त्यावर तारीख लिहून, नव्या भागाने एक पावसाळा पार पाडेपर्यंत जपून ठेवा. मृगाच्या आधी एकदा टोपण काढून आतून पुसून घ्या. फडका सुती असावा, आणि कोरडा.